मोर्स नको म्हणताना

अण्णा, काल आपल्या हॅम लोकांच्या, हौशी रेडिओच्या क्लबात मोर्सवरून जोरात भांडणं झाली. परवान्याचे वर्ग बदलायचे असं चाललंय. वरच्या वर्गाच्या परीक्षेत तुमची ती टिंब-रेघांची भाषा ठेवायची की काढून टाकायची, यावर क्लबाने मत कळवायचं होतं. अंबडच्या कारखान्यांतली नवी मुलं म्हणाली, कट्ट-कडकट्ट हवंय कुणाला आता? तुमच्या बरोबरीचे दोघे लालबुंद झाले. मग सगळे माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही बोला. अण्णांची मुलगी तुम्ही." तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या खोलीत मी अजून तेवढीच आहे.

मोर्स म्हटलं की मला नाशिक रोडच्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर आठवतं. तुम्ही प्रेसमधून येता, हातपाय धुता, जेवायला बसता आणि चमच्याने ताटाच्या कडेवर वाजवायला लागता. पोळी हवी तर तोंडाने मागायची नाही, वाजवून मागायची. मी आठवीत, पोटात कावळे ओरडतायत, एक टिंब चुकतं आणि तुम्ही डबा स्वतःकडे ओढून घेता. आई कळवळते, "अहो, जेवू द्या की तिला! वैरी आहात का पोरीचे?" तुम्ही म्हणता, "हवेवर कुणी चुकलेलं समजून घेत नाही." धन्य आहे! पुढे परीक्षेत नेमकी मोर्सलाच माझी बोटं थिजली, खालच्या वर्गाचा परवाना मिळाला, आणि तुम्ही चारचौघांत म्हणालात, "आमच्याकडे अर्धी हॅम आहे." लोक हसले, मीही हसले. तो राग अजून गेलेला नाही माझा.

काल एका मुलाने सरळच विचारलं, "ताई, खरं सांगा, मोर्स कधी कामाला आलं का हो तुमच्या?" आलं होतं. तुमची वाचा गेली, उजवं अंग गेलं, आणि डाव्या हाताचं बोट पलंगाच्या दांडीवर वाजवायला लागलं. डॉक्टर म्हणाले, हात थरथरतोय. वाचता येणारी तिथे मी एकटी. एवढं सांगितलं असतं तर मोर्स काढायचा विषय जागीच मिटला असता. पण मग कुणीतरी विचारलंच असतं, काय म्हणत होते अण्णा? आईनेही विचारलं होतं. तिला मी म्हणाले, "तू जेवलीस का, विचारतायत." ती डोळे पुसत खाली गेली आणि दोन घास खाऊन आली.

तुम्ही सीक्यू देत होता, अण्णा. कुणी ऐकतंय का, कुणीही चालेल, म्हणून हवेवर मारायची ती हाक. मी उशाशी बसलेली, आणि तुम्ही जगाला हाक मारत होता. मी तुमच्या तळहातावर माझं कॉलसाइन, हवेवरचं माझं नाव, वाजवलं, त्या अर्ध्या परवान्याचं. तुम्ही थांबलात. मग वाजवलंत, हळू पाठव.

त्या मुलाला मी म्हणाले, "छे रे, कधीच नाही." आणि मोर्स काढा म्हणून हात वर केला.

हे पाठवण्याचा प्रश्नच नाही. पाठवता आलं असतं तरी तुम्ही चुकाच काढल्या असत्या. फक्त एक राहिलं. तुम्ही सांगितलंत तसं मी पुन्हा वाजवलं होतं, हळू, एकही टिंब न चुकता. तोवर तुमचा डोळा लागला होता. तरी मी वाजवतच राहिले. शाबासकी हवी होती मला, अण्णा. अजून हवी आहे.