मुळाशी तलावाचा गाळ

ऊर्जानगर,
दि. ३ डिसेंबर २०२४

ती. बायनाबाई यांस,
गुलाब उंदिरवाडे याचा सप्रेम जयभीम. वि. वि.

संघप्रियाच्या पश्चात मी आपणास लिहीत असलेले हे पहिलेच पत्र. तेहेतीस वर्षे आपण दोघी बहिणी एकमेकींना लिहीत होतात. पाकिटावर तिकीट लावून ते पेटीत टाकणे एवढाच माझा त्यातील वाटा होता. येत्या दहा तारखेस तिला जाऊन पाच महिने होतील. फोनवर बोलता आले असते. परंतु आपला फोन चिरंजीव लच्छूच्या खिशात असतो, आणि मला फोनवर दोन वाक्यांनंतर तिसरे सुचत नाही.

लिहिण्यास कारण असे. तिच्या टेबलाच्या खणात निळ्या पुठ्ठ्याची एक वही सापडली. आपल्या शेताच्या बांधावर, म्हणजे धुऱ्यावर, लाखोळीच्या पिकाच्या कडेने थंडीत जे बारीक निळे रानफूल येते, त्याचे पहिले रोप आपण दरवर्षी मुळासकट कागदात दाबून तिला पाठवीत होतात. ती प्रत्येक रोप वहीत चिकटवी आणि शेजारी आपण कळवलेली तारीख लिही. १९९३ पासून गेल्या जानेवारीपर्यंतची बत्तीस पाने आहेत, मधले एकच रोपावाचून आहे. जुन्या फुलांचा निळा रंग उडून ती राखेसारखी झाली आहेत, तारखा मात्र स्वच्छ आहेत.

तिच्या शाळेतील सहकारी नीलिमाताई आता चंद्रपूरला महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतात. त्यांनी वही पाहिली. एकाच शेतातील एकाच फुलाची इतक्या वर्षांची नोंद फार थोड्यांपाशी असते, असे त्यांचे म्हणणे. महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात ती संघप्रियाच्या नावाने छापायची आहे. यंदाचे रोप व तारीख ३१ जानेवारीपूर्वी त्यांना हवी. मी त्याच दिवशी सेवानिवृत्त होत आहे.

बाई, तिने आयुष्यभर इतरांच्या मुलांची नावे गुणपत्रिकांवर लिहिली. तिचे स्वतःचे नाव मी आजवर दोनदाच छापलेले पाहिले, लग्नपत्रिकेत आणि निधनाच्या बातमीत. तिसऱ्यांदा पाहण्याची इच्छा आहे. फूल उमलताच पाठवावे, ही विनंती.

सर्वांस यथायोग्य. आपला लोभ तिच्यामुळे मिळाला. तो तिच्यानंतरही राहावा.

आपला,
गुलाब उंदिरवाडे


चामोर्शीजवळून,
१४ डिसेंबर

गुलाबभाऊले बायनाबाईचा जयभीम.

तुमची चिठ्ठी भेटली. पाकिटावरचं अक्षर पाहून पोस्टमन मने का हे कोणाचं व, छापल्यावानी. मी सांगतलं, आमचे जवाई पावरहाऊसमंधी पाण्याची तपासणी करते, त्याहिचं अक्षरबी उकळून गाळलेलं रायते. हसजा थोडसं.

इथी सारे बरे आहेत. धान घरी आलं. सून साक्षी तिच्या मायच्या घरी गेली होती, आली. तुमी जेवता का नाई ते लिहलं नाई. संघा मनत होती का तुमाले भाकर येत नाई, पोळीबी नकाशावानी होते. डबा लावला का. पोरगी रश्मी पुण्याहून कधी येणार आहे.

फूल अजून उमललं नाई. ढग येऊन राह्यले. ढगात ते डोळा उघडत नाई, तुमाले त ठाऊकच आहे. पाहू.

संघाची लय आठवण येते. तीन वर्साआधी मी विहिरीपाशी पडली होती, गुडघा सुजून भोपळा झाला होता. कोणाले सांगतलं नोतं, लच्छूलेबी मी मोच मनून सांगतलं. तरी आठ दिवसात संघा तेलाची शिशी घेऊन दारात उभी. मी इचारलं तुले कोण सांगतलं, त हसली, मने सपन पडलं. असे सपन तिलेच पडत.

तब्बेतीले जपजा. माया ठेवजा आमच्यावर.

बायनाबाई


ऊर्जानगर,
दि. २४ डिसेंबर २०२४

ती. बायनाबाई यांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

आपले पत्र पोचले. डबा लावला आहे. त्यात दोन माणसांची भाजी येते आणि कमी करण्यास सांगणे मला अद्याप जमलेले नाही. रश्मी दर रविवारी अकरा वाजता फोन करते. मी सर्व ठीक असल्याचे सांगतो. ती तिकडे तेच सांगते. चंद्रपुरात दोन खोल्या घेतल्या आहेत. क्वार्टर सोडावे लागेल. सामान बांधताना प्रत्येक वस्तू कोठे ठेवू हे विचारण्यासाठी मी स्वयंपाकघरापर्यंत जातो आणि परत येतो.

फुलाविषयी नीलिमाताईंकडून जी माहिती मिळाली ती आपणासही असावी. हे प्रिमरोझ नावाच्या बागेतल्या फुलझाडाच्या कुळातील रोप आहे. त्याचे बहुतेक नातेवाईक थंड पहाडांत राहतात. काही कुंड्यांत वाढवून विकले जातात. आपल्या जंगलातील वावडिंगही आता याच कुळात धरतात. एका सहकाऱ्याने सिमल्याहून संघप्रियाला पिवळ्या प्रिमरोझची कुंडी आणून दिली होती. आमच्या वीज केंद्राच्या राखेच्या हवेत तिने मार्चपर्यंतही तग धरला नाही. त्या वेळी संघप्रिया म्हणाली होती, की हे त्या घराण्यातले बंगल्यात राहणारे लोक. आपल्या बाईच्या धुऱ्यावरचे ते बिचारे मजुरी करून राहणारे. मी तेव्हा वर्तमानपत्रातून मान वर केली नव्हती. वाक्य मात्र जसेच्या तसे लक्षात राहिले आहे.

तरी विनंती अशी की, आपण रोज सकाळी दहाच्या सुमारास धुऱ्यावर एक फेरी मारावी. फूल ऊन असेल तरच उघडते व दुपारी तीनपर्यंत मिटते. ज्या दिवशी पहिले फूल उघडे दिसेल तीच तारीख लिहावी. तोडल्याची किंवा पाठवल्याची नको. मी पस्तीस वर्षे पाण्याच्या प्रयोगशाळेत रजिस्टर लिहिले आहे. एक आकडा अंदाजाने लिहिला की संपूर्ण पान निरुपयोगी होते.

सर्वांस नमस्कार. लोभात अंतर पडू देऊ नये.

आपला,
गुलाब उंदिरवाडे


चामोर्शीजवळून,
५ जानेवारी

गुलाबभाऊले जयभीम.

तुमची चिठ्ठी मी चारदा वाचली. रोज दहा वाजता धुऱ्यावर जा मनता. जाऊन काय पाहू, भाऊ. धुऱ्यावर फूल नाई.

आता खरं लिवतो. लच्छूच्या हाती वावर आलं तवापासून धुऱ्यावर तणाची दवाई मारते. गवत मेलं, त्यासंगं ते निळंबी मेलं. २०१५ च्या थंडीत शेवटचं दिसलं. त्याच्या पुढच्या वर्षी मी साऱ्या धुऱ्यावर हिंडली, एक रोप भेटलं नाई. चिठ्ठी लिहून ठेवली होती, पण त्यात टाकाले काईच नाई. संघाले कसं लिवू का आपल्या बापाच्या वावरातलं फूल तुह्या भाच्यानं मारलं.

तलावाच्या काठाले, पाळीखाली, पाणी आटलं का गाळात ते उगवते. तिथी गोविंदा ढिवराचं जाळं वाळत रायते. त्याची बायको कुंता मने, बाई, हे कायले नेता, याले कुटून पाण्यात टाकलं त मासोळीले भोवळ येते, आमचे बुढे टाकत होते. मी सांगतलं माह्या बहिणीले पायजे. तवापासून तिथूनच पाठवतो. पण रोज पाळीवर जाणं माह्या गुडघ्याले होत नाई. बाजाराच्या दिवशी चामोर्शीले पायी जातो, तवा वाटेत तोडतो, पोस्टात टाकतो, अन त्याच दिवसाची तारीख लिवतो. पहिलं फूल कधी उमललं ते मले ठाऊक नाई. आठ तारखा मी अशाच लिवल्या. मंधात एक वर्स धाडलंच नाई, तवा गुडघा सुजला होता.

तुमी रजिस्टरचं लिवलं मनून सांगतलं. नाईत सांगतलं नसतं. मले माफ करजा. संघानं मले माफ केलं असतं का नाई, ते आता कोणाले इचारू.

माया ठेवजा.

बायनाबाई


ऊर्जानगर,
दि. ९ जानेवारी २०२५

ती. बायनाबाई यांस,
जयभीम.

आपले पत्र मिळाले. संघप्रियाने आपल्या शब्दावर विसंबून ज्या तारखा लिहिल्या, त्यांतील आठ खऱ्या नाहीत हे समजले. नीलिमाताईंना तसे कळवणे माझे कर्तव्य आहे. एवढी चूक असलेली नोंद त्या छापतील असे मला वाटत नाही.

आपण कळवले याबद्दल आभारी आहे. यापुढे फूल पाठवण्याची तसदी घेऊ नये.

कळावे.

गु. उंदिरवाडे


ऊर्जानगर,
दि. १९ जानेवारी २०२५

ती. बायनाबाई यांच्या चरणी,
गुलाब याचा सप्रेम जयभीम. विनंती विशेष अशी की हे पत्र पूर्ण वाचावे, मागील पत्र फाडून टाकावे.

नीलिमाताईंकडे वही परत नेण्यापूर्वी आपण सांगितलेल्या वर्षांवर खूण करावी म्हणून मी काल ती उघडली. २०१६ च्या पानावर रोप जिथे चिकटवले आहे, त्याच्या खाली पेन्सिलीने काही लिहिलेले होते. संघप्रियाची पेन्सिल फार हलकी चालत असे. रोपाच्या सावलीत ते मला पूर्वी दिसले नव्हते. मी चष्मा पुसून पान खिडकीशी धरले. तिने लिहिले आहे: “मुळाशी तलावाचा गाळ. धुऱ्याची माती काळी असते. हे धुऱ्यावरचे नाही. बाईला विचारणार नाही.”

पुढच्या पानावर: “पुन्हा गाळ. पुन्हा बाजाराचाच वार. म्हणजे बाई चामोर्शीपर्यंत चालत जाते. बरी आहे.”

नंतरच्या पानांवर फक्त दोनच शब्द आहेत, “बरी आहे.” मी जुनी कॅलेंडरे काढून आठही तारखा ताडून पाहिल्या. सर्व तारखा बाजाराच्याच. जे मला आपल्या पत्राने कळले ते तिला दुसऱ्याच वर्षी कळले होते.

२०२२ चे पान रिकामे आहे. त्यावर पेन्सिलीने आहे: “जानेवारी संपला. आले नाही. बाई बाजाराला गेली नाही. गुडघा? जाऊन यावे.”

तो फेब्रुवारी मला आठवतो. ती एकाएकी म्हणाली, की बाईच्या हातची वांग्याची भाजी खावीशी वाटते, गाडी काढा. मी भाजीसाठी रजा घेत नसतात असे बोललो, आणि कुरकुरतच गाडी काढली. तिने तेलाची बाटली पिशवीत अगोदरच ठेवलेली होती. आपल्याला तिने स्वप्नाचे सांगितले, मला भाजीचे. आपणा दोघांनाही खरे सांगितले नाही, आणि आज ती नसताना मी आपणावर खोट्या नोंदीचा ठपका ठेवून मोकळा झालो.

आपण मागच्या पत्रात विचारले होते, की तिने माफ केले असते का हे कोणाला विचारू. त्याचे उत्तर तिच्या हस्ताक्षरात आहे. ती पाने मी आपणास प्रत्यक्ष दाखवीन. टपालात टाकण्याचे धैर्य होत नाही.

नीलिमाताईंना काल सर्व सांगितले. पहिली तेवीस वर्षे खरी आहेत; तेवढीच छापावी असे ठरले. तेवीसही थोडी नव्हेत, असे त्या म्हणाल्या. संघप्रियाचे नाव येईल. उरलेल्या पानांविषयी त्यांनी विचारले, तेव्हा ती घरगुती पत्रे आहेत, असे मी सांगितले.

काल सायंकाळी वही टेबलावर उघडी ठेवून मी डबा उघडला. आयुष्यात प्रथमच असे वाटले, की ती खोलीत असती तर मी तिला काही विचारले असते. पस्तीस वर्षे मी पाण्यात काय काय मिसळले आहे ते ओळखत आलो. ती शेजारच्या खुर्चीत पेन्सिलीने काय लिहिते, हे एकदाही वाकून पाहिले नाही.

यंदाचे पान कोरे आहे. आता ते कोणी मागितलेले नाही. तरीही, गुडघा चालू देत असेल तर, एखाद्या बाजाराच्या दिवशी वाटेतले एक रोप माझ्या पत्त्यावर टाकावे. तारीख बाजाराचीच लिहावी.

मागील पत्रात लोभाविषयी लिहिण्याचे मी जाणूनबुजून टाळले होते. आज ते सर्वांत मोठ्या अक्षरात लिहावेसे वाटते.

आपला,
गुलाब


चामोर्शीजवळून,
२८ जानेवारी

गुलाबभाऊले बायनाबाईचा जयभीम.

तुमची चिठ्ठी तलावाच्या पाळीवर बसून वाचली. कुंता जाळं शिवत होती, मने बाई, काऊन रडता, कोणी गेलं का. मी सांगतलं, नाई, कोणी गेलं नाई, ते माहेच डोळे आहेत.

मागच्या चिठ्ठीत तुमी लोभ लिहला नाई, ते मले चिठ्ठी उघडताच दिसलं होतं. साक्षीले मी मनलं, जवाई रागावले. ती मने, एवढ्यावरून कसं समजलं. आता समजलं मले, आमच्या घरात कोण कुठून काय समजते.

लच्छूले मी संघाचं सांगतलं. आता दवाई नाई मारत, असं काई तो मनला नाई. पण काल धुऱ्याच्या एका कोपऱ्यावर दोन लाकडं रोवली, अन मने, एवढं सोडतो. उगवते का नाई ते पुढच्या थंडीत पाहू.

तुमचा डबा एका माणसाचा करून घेजा. नाईत दोन माणसाची भाजी घेऊन इकडेच येजा.

कागदात रोप आहे. मुळाशी गाळ आहे, झटकला नाई. काल ढग होते, फूल मिटलं होतं. मनून मी आज परत गेली. दहा वाजता उघडलं, तवा तोडलं, अन तशीच चामोर्शीले पोस्टात आली. तारीख वर लिवली आहे. कॅलेंडर काढून पाहजा, आज बाजार नाई.

मी बरी आहो. ते पानावर लिहून ठेवजा, पण पेनानं लिवजा.

आता एकच इचारतो. माहं तुमाले फुलावरून समजल. तुमी नव्या खोलीत एकटे राहान, तुमचं मले कशावरून समजल? दर थंडीत काई ना काई धाडजा. काय धाडान ते तुमी ठरवजा.

माया होती, आहे, ठेवजा.

बायनाबाई