तू मरायचास ते सिनेमे

१९ नोव्हेंबर

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. बाबांचं ब्लडप्रेशर आटोक्यात आहे. गोळ्या वेळेवर घेतात, म्हणजे मी समोर उभी राहिले की घेतात. स्वयंपाकघरातला गळका नळ अखेर बदलला. खालच्या शिंप्याने दुकान वाढवलंय, दिवसभर मशीनची खडखड चालू असते. बाबा कुरकुरतात, पण मला वाटतं त्यांना तिची सोबत होते. घर फार शांत झालंय.

तू म्हणशील, फोन करायचा सोडून ही पत्र काय लिहीत बसली. फोनवर तू समोर दिसतोस, मागून कुणीतरी तुला हाका मारत असतं आणि मी "सगळं ठीक" म्हणून मोकळी होते. आई गेली त्या दिवशीही तसंच झालं. तू विचारलंस, "माझी आठवण काढत होती का?" मी म्हटलं, "शांतपणे गेली." तू पुढे काही विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. तेवढ्यापुरतं दोघांचं भागलं.

तुझं पार्सल मिळालं. त्यातल्या नव्या सिनेमाबद्दल लिहायचंच आहे, पण आधी जुन्यांबद्दल लिहू दे.

तुला तिकडे विलायतेत सिनेमात पडायची-मरायची छोटी कामं मिळायला लागली आणि तू पहिली डिस्क पाठवलीस, तेव्हा आईने शेजारच्या काकूंनाही बोलावलं होतं. तासभर नुसतं धुकं आणि एक रिकामं चर्च. मग तू दार उघडून आलास आणि पुढच्याच क्षणी भुताने तुला भिंतीवर आपटलं. काकू चहा अर्धा टाकून घरी गेल्या. आई मात्र टाळी देऊन म्हणाली, "झालं. आता उठेल, कपडे झटकेल आणि काहीतरी खायला मागेल."

पुढे प्रत्येक वेळी ती हेच म्हणायची. तुला कधी गोळी लागायची, कधी तू बंद पडलेल्या कारखान्याच्या छतावरून खाली यायचास. एका सिनेमात तर तू दोनदा मेलास, एकदा पहारेकरी म्हणून आणि एकदा मुखवटा घालून. तुझे खांदे पाहून आईने तुला मुखवट्यातही ओळखलं. तिला इंग्रजी कळत नव्हतं, पण माणसं पाठ झाली होती. "हा टकल्या मागे पोलीस होता, आता पाद्री झालाय," असं ती मला समजावून सांगायची. तुमचे गुंडसुद्धा चहा पिऊन मारामारीला निघतात, याचं तिला कौतुक. मी दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घडवते, त्यामुळे माझं लक्ष त्या पिशाच्चांच्या सुळ्यांकडे. असे दात मी पाठवले असते तर डॉक्टरांनी उभ्या उभ्या परत केले असते. आम्ही दोघी हसून हसून लोळायचो.

बाबा तेव्हा बाल्कनीत. आयुष्यभर लोकांना गाडी शिकवताना ब्रेक दाबायला सांगत आलेला माणूस; आपला मुलगा गाड्यांच्या टपांवरून उड्या मारतो हे त्यांना कसं पचावं? "पडायला शिकायला एवढ्या लांब कशाला जायचं?" हे त्यांचं तुझ्याबद्दलचं शेवटचं वाक्य. कॉलेज सोडून तू गेलास तेव्हा ते बोलले होते. त्यानंतर तुझं नावही त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

मग आईचं विसरणं सुरू झालं, ते तुला माहीत आहे. गॅस, किल्ल्या, काकूंचं नाव. तुझे खांदे मात्र ती विसरली नाही. ती नेमकं एवढंच विसरली, की मेल्यावर तू उठतोस.

ज्या दिवशी हे कळलं, त्या दिवशी मी दुपारीच कामावरून आले होते. आईला सांभाळणाऱ्या मावशींनी, तिचं मन रमावं म्हणून, तो कारखान्याचा सिनेमा लावून दिला होता. आई टीव्हीसमोर जमिनीवर बसलेली, तळहात काचेवर टेकवलेला. पडद्यावर तू पडला होतास आणि हिरो तुला ओलांडून पुढे गेला होता. आई म्हणाली, "अगं, कुणीतरी बारक्याला उठवा ना. थंडी आहे तिथे. अंगावर काही घातलं नाही त्याच्या."

मी टीव्ही बंद केला. तू कामावर आहेस, सुखरूप आहेस असं पुन्हा पुन्हा सांगितलं. तिने मान हलवली. संध्याकाळी काकूंना म्हणाली, आमचा बारक्या गेला.

म्हणून मी तुला फोन करायला लावला. तू शूटिंगमधून धावत फोनवर आलास, कपाळावर जखम रंगवलेली तशीच. "आई, रंग आहे गं हा," म्हणून हसलास आणि बोटाने पुसून दाखवलास. तुला दोनच मिनिटं होती. फोन बंद झाल्यावर ती काय म्हणाली ते मी तुला सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "चांगला आहे हा. पण हा आधीचा आहे." तिच्यासाठी तूही सिनेमाच होतास, बारक्या. फक्त छोट्या पडद्यावरचा.

दुसऱ्या दिवशी मी तुला ये म्हटलं. तू म्हणालास, आता निघालो तर भूमिका दुसऱ्याला जाईल, आणि पहिल्यांदाच असं काम मिळालंय ज्यात मी शेवटपर्यंत जिवंत राहतो. शूटिंग संपलं की लगेच येतो. मी तुझ्याशी वाद घातला नाही. तू किती वर्षं त्या कामाची वाट पाहिलीस, ते मला ठाऊक होतं.

तिच्या छातीत कफ झाला तो त्याच आठवड्यात. हॉस्पिटलात ती बहुतेक झोपूनच असायची. शेवटच्या सकाळी जागी झाली, मला नीट ओळखलं, केस बांधून दे म्हणाली. मी विंचरत होते. ती म्हणाली, "तो एकटाच असेल गं तिकडे. मी जाते त्याच्याजवळ." कुठे दुखत नव्हतं, घाबरलेलीही नव्हती. उलट घाई होती तिला. दुपारपर्यंत ती गेली.

तर, शांतपणे गेली हे खोटं नव्हतं. पण ती तुला शोधायला गेली आणि तू तिथे नाहीस. हे मी एकटी किती दिवस मनात ठेवू? तुला दोष देण्यासाठी लिहीत नाही, असं लिहिणार होते. थोडा देतेच आहे.

आता नवा सिनेमा, ज्याच्यासाठी तू तिकडेच राहिलास तो. मी तो कपाटात ठेवून दिला होता. रविवारी बाबांनीच काढला. आईच्या खुर्चीत बसले. मला वाटलं, दहा मिनिटांत बाल्कनीत जातील. ते हलले नाहीत. बोगद्यातली ती हडळ, तुमचं ते लाल सरबतासारखं रक्त, सगळं पाहिलं. टकल्या मेला, हिरोसुद्धा मेला. शेवटी पहाट होते आणि तू खांद्यावर घोंगडी घेऊन रस्त्याने चालत जातोस, तिथे त्यांनी थांबव म्हटलं. पुन्हा मागे घे म्हटलं. तीनचार वेळा तुला चालताना पाहिलं.

मग म्हणाले, "लंगडतोय तो. नाटक आहे, की खरंच लागलंय?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

"विचार त्याला," म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

तर विचारते आहे. पण याचं उत्तर फोनवर देऊ नकोस, लिहूनही पाठवू नकोस. ये. खालून हाक मार. ते बाल्कनीत उभे असतील; तू कसा चालतोस ते त्यांना त्यांच्या डोळ्यांनी बघू दे.

तुझ्यावर रागावलेली, आणि तुझीच,
ताई