शाळेच्या हद्दीतलं घर

मी, खाली सही करणारी, व्यवसायाने शिंपीण, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण या कामाला ते लागत नाहीत. याआधी काही लिहिलं असेल तर ते रद्द समजावं.

१. राहतं घर, खालच्या शिवणाच्या खोलीसकट, मुलीस देते. अट एकच: तिच्या लेकीची, म्हणजे माझ्या नातीची, शाळा संपेपर्यंत ते विकू नये. घर शाळेच्या हद्दीत आहे म्हणून नात त्या शाळेत आहे. तिथे तिच्याशेजारी मदतनीस बाई बसतात, आणि गोंगाट वाढला की तिला शांत खोलीत जाता येतं. पत्ता बदलला की हे सगळं गेलं, आणि तपासणीपासून पुन्हा सुरुवात.

२. घर विकायची घाई थोरल्या मुलाला आहे. यानेच पहिल्या तपासणीआधी भाचीला रोज समोर बसवून पढवलं होतं, "डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत बघायचं. हात हलवायचे नाहीत. नाव विचारलं की हसून सांगायचं." जणू पोरगी नोकरीच्या मुलाखतीला निघाली होती. पोरीने सगळं बिनचूक करून दाखवलं. बाई म्हणाल्या, हिला काही झालेलं नाही. थोरला खूश. नात घरी येऊन टेबलाखाली शिरली ती जेवायलासुद्धा बाहेर आली नाही. स्वमग्नतेचा दाखला मिळेपर्यंत मग वर्षं गेली, आणि दाखल्याशिवाय शाळेने मदतनीस दिली नाही. त्याने हे मायेपोटी केलं, तरी मला त्याचा राग आहे. त्याला कपडे घालून बघायचा मोठा आरसा देते. स्वतःच्या डोळ्यांत बघायचा सराव त्याने करावा.

३. बँकेतली शिल्लक नातीसाठी. शाळा मदतनीस बाईंचे तास कापते तेव्हा ती उपयोगी पडेल.

४. नातीचे कपडे मी शिवण बाहेर ठेवून शिवते, आत टोचू नये म्हणून. पुढच्या मापांचे शिवून कपाटात ठेवले आहेत. "उलटा घातलास का गं?" असं कोणी विचारलं तर तिचं तिला उत्तर देऊ द्यावं.

५. मी गेल्यावर तिला माझ्याजवळ ओढू नये. ती रडली नाही म्हणून कुजबुजू नये. तिची माया मला पोचलेली आहे.

६. मोठी कात्री नातीस. तिनेच विचारलं होतं, "आजी, तू मेल्यावर कात्री कोणाची?"

तिची आई म्हणाली, "असं बोलू नये गं."

मी म्हटलं, "तुझी."

"मग लिहून दे. नुसतं बोललेलं मामा विसरतो."

म्हणून हा सगळा खटाटोप.

साक्षीदार: शेजारच्या नर्सबाई, कोपऱ्यावरचे चष्मेवाले. दोघे माझ्यासमोर सह्या करतील. नातीलाही करायची होती, पण ज्याला मिळायचं आहे त्याने साक्ष देऊ नये असं वकीलसाहेब म्हणाले. तिला ते पटलं नाही. तिने मग सगळं वाचून काढलं आणि विचारलं, "शाळा संपली हे कोण ठरवणार? मामा?"

सह्यांआधी केलेली दुरुस्ती, कलम १: शाळा संपली की नाही, हे नात सांगेल.

ठिकाण: शिवणाची खोली
तारीख: नातीने वर कोपऱ्यात घातली आहे
सही: आजी, म्हणजेच वरील शिंपीण