कमानीखाली मांडी

रविवार, संध्याकाळ, मांडवगण

पाय ठणकताहेत, तरी लिहितो. पुण्यातली पाच किलोमीटरची धाव. शिदबा आन् मारुती, लहानपणचे सोबती, शनिवारीच मला घेऊन गेले. गेल्या साली छातीचं ऑपरेशन झाल्यापासून शेवटच्या कमानीतून एकदा पार व्हायचं, एवढाच माझा हट्ट. तिसऱ्या किलोमीटरला धाप लागली, कडेला टेकलो. दोघांना म्हटलं, तुम्ही व्हा पुढं. शिदबा गेला, मारुती काही हलला नाही.

रमतगमत पोचलो तर माणसं कमान उतरवायला लागलेली. आन् शिदबा बरोबर तिच्याखाली मांडी घालून!

"आबा, उठा, संपलं."

"आमचा गडी मागं हाय. पंगतीत शेवटचा जेवल्याबिगर कुणी उठतं व्हय?"

माणसं हसली, दोर सोडून थांबली.

त्याचे गुडघे किती दुखतात, मला ठाऊक. घरी खुर्चीशिवाय बसत नाही, आन् तिथं डांबरावर मांडी. त्याच्या जागी मी बसलो असतो का? देव जाणे.

पार झालो तवा डोळे भरले. तो खालूनच म्हणाला, "जेवलास ना पोटभर? मग हात दे लेका, मला उठता येईना."