लिस्बनला कुठे बसायचं

४ ऑक्टोबर, शनिवार

लिस्बन! म्हणजे पोर्तुगाल. श्रीपादने भात कालवता कालवता सांगितलं, जणू इथल्या इथे दम्मामला जाऊन येतो म्हणतोय. त्यांच्या बँकेत नवी सिस्टिम येतेय, ती तिथल्या कंपनीची, म्हणून ट्रेनिंग. बाराला निघायचं, सतराला परत. ऑफिसातली पाच-सहा माणसं.

मी विचारलं, थंडी असेल का? स्वेटर कुठला नेशील? जे विचारायचं होतं ते नाही विचारलं.

या घरात आम्ही तो शब्द उच्चारत नाही. रियाधला आल्यापासून नाही. गरजच पडली नाही, कारण इथे ती मिळत नाही. म्हणून तर आलो! लोक पगारासाठी येतात, आम्ही यासाठी आलो. कुणाला सांगितलेलं नाही. श्रीपादच्या बाबांना वाटतं, सुनेला पैसा दिसला. वाटू दे.

आणि पुण्याचं उत्तर महिनाअखेर द्यायचंय. त्याची जुनी कंपनी परत बोलावतेय. बाबा थकलेत, एकटे आहेत. त्याला जायचंय, हे मला दिसतं. मी दर वेळी अवनीची बारावी पुढे करते. बारावी खरी आहे. पण ते खरं कारण नाही.

५ ऑक्टोबर

त्याचा बॉस लेबनॉनचा, गमत्या माणूस. आज मीटिंगमध्ये जाहीर केलं म्हणे, "संध्याकाळी कुठे बसायचं ते श्रीपाद ठरवणार. प्रॉपर ड्रिंक्स, हबीबी! रियाधची तहान भागली पाहिजे." ऑफिसची प्रत्येक सहल श्रीपाद ठरवतो, म्हणून हेही त्याच्याच गळ्यात.

हसत सांगत होता. मग हसू ओसरलं. "त्यांचा काय दोष? इथे पिणारा आणि न पिणारा सारखाच दिसतो."

मी मेथी निवडत होते. तो शेजारी बसला, दोन काड्या उगीच खुडल्या. म्हणाला, "तू शोधशील का? मी ती पानं उघडून बसलो तर — फोटो असतात, ग्लासांचे वगैरे. तू शोध."

हो म्हटलं. मेथी निवडत राहिले. पण आत केवढं तरी हललं. इतक्या वर्षांत त्याने प्रथमच माझ्याजवळ काही ठेवायला दिलं. आनंद झाला की भीती वाटली? दोन्ही. आधी आनंद.

७ ऑक्टोबर

आयुष्यात बिअरचा थेंब न चाखलेली बाई लिस्बनचे बार धुंडाळतेय! शाळेतून आले की चहा घेऊन बसते. काय काय कळलं — चेरीची गोड दारू चिमुकल्या पेल्यांत, दुकानाच्या दारात उभ्यानेच पितात. हिरवी वाइन म्हणतात ती हिरवी नसते. गच्चीवरचे बार, खाली नदी. जिथे गाणं ऐकतात तिथे गाणं चालू असताना बोलायचं नाही. (हे आवडलं.)

अवनी मागे येऊन उभी. "आई, व्हाय आर यू ऑन अ बार वेबसाइट?"

"बाबाच्या ऑफिससाठी."

"ओके," म्हणाली. गेली नाही. थोड्या वेळाने मराठीत म्हणाली, "बाबा जाणारे तिकडे?" ती मराठीत बोलली की मी सावध होते. तिला काय माहीत आहे? आलो तेव्हा पाच वर्षांची होती. पाच वर्षांच्या मुलांना सगळं कळतं, असं मीच पालकसभेत सांगत असते.

८ ऑक्टोबर

खालची इस्मत बांगडे घेऊन आली. मूळची दापोलीची. तिच्या नवऱ्याचं, नसरुद्दीनभाईंचं, इथल्या अल सुलै भागात माशांचं गोदाम आहे. त्यामुळे आमच्याकडे मासे आणि बातम्या दोन्ही ताजे. मोबाइल उघडाच होता.

"या अल्ला! काय गो बघतंस हे? एवढी वरसा सौदीत काढलीस नि आता गुत्ते शोधतंस?"

हसता हसता मला रडू आलं. मग सांगितलं. पहिल्यांदाच, कुणालाही. पुण्याचं सांगितलं — गणपतीच्या मखराचं खोकं उघडलं आणि थर्माकोलच्या खांबांमध्ये बाटली. अजूनही तो दार उघडून आत आला की मी जवळ जाते, पिशवी घेण्याच्या निमित्ताने. वास घेते. इथेही! जिथे मिळतच नाही तिथेही. सवय.

इस्मतने बांगड्यांची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "आमच्या ह्यान सिगरेट सोडल्यान म्हणतो. मी रोज शर्टाचा वास घेतंय. सोडल्यान नाय. जिन्यात बडीशेप खातो, मेला." आणि माझ्या हातावर हात ठेवला. "तुझो नवरो तुला सांगून जातोय ना गो? माझो बडीशेप खातोय."

बांगडे तिनेच साफ करून दिले.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सापडलं!! लिस्बनच्या चौकाचौकांत छोट्या टपऱ्या आहेत. लोखंडी, नक्षीच्या, शंभर वर्षांपूर्वीच्या धर्तीच्या. झाडाखाली टेबलं. त्याच खिडकीतून वाइन मिळते आणि त्याच खिडकीतून जुनी सरबतंही. एकाचं नाव कपिले! कसल्याशा नेच्याच्या पानांचा पाक, त्यात नारिंगीच्या फुलांचं पाणी — इथल्या मिठायांत घालतात तेच. वर लिंबाची साल. फोटोत रंग अगदी कोकमाच्या आगळासारखा दिसतो.

म्हणजे सगळे एकाच टेबलावर. त्यांच्या हातात त्यांचं, याच्या हातात याचं. कुणी "तू का नाही घेत?" विचारणार नाही, कारण तोही घेतोच आहे. उघडं आकाश, समोर नदी. कोपरा नाही, अंधार नाही.

संध्याकाळी जेवायला बाहेर गेलो, कारण मी खूश होते. श्रीपाद आणि अवनीने नेहमीसारखे दोन मोठे मोहितो मागवले, लिंबू-सोडा, पुदिना जास्त. मी सौदी शॅम्पेनचा छोटा जग — सफरचंदाचा रस, सोडा, संत्र्याच्या चकत्या. "माय मदर, द अल्कोहोलिक," अवनी म्हणाली. मग एकदम गप्प झाली. श्रीपादही. मी ग्लास उचलला आणि म्हटलं, "चिअर्स." दुसरं काय करणार होते?

११ ऑक्टोबर

बॅग भरली. टपऱ्यांची ठिकाणं त्याच्या फोनवर टाकून दिली, कुठल्या संध्याकाळी कुठली, हॉटेलपासून कसं चालत जायचं, तेही.

आता वाटतंय — हे मी त्याच्यासाठी केलं की त्याच्याभोवती कुंपण घातलं? लिस्बनमध्येही माझं छोटं रियाध उभं केलं? त्याने मागितलं म्हणून केलं, हे खरं. पण त्याने जागा शोधायला सांगितलं होतं. चालायचे रस्ते नव्हते सांगितले.

ते रस्ते काढून टाकावेत का? नाही काढले.

१२ ऑक्टोबर

गेला. दारात पिशवी नव्हती, तरी जवळ गेले.

१४ ऑक्टोबर

फोटो आला! टपरी, झाड, तांबूस ग्लास, वर लिंबाची साल. खाली लिहिलंय, "कपिले. चव वाळ्याच्या सरबताची मावसबहीण. शादाबने पण हेच मागितलं. बॉस म्हणतो जागा एक नंबर." शादाब म्हणजे त्यांच्यातला हैदराबादचा मुलगा, तो कुठल्याही कारणाने असो, याच्या सोबतीला होता.

फोटो मोठा करून पाहिला. शेजारचे ग्लास पाहिले. मग स्वतःची लाज वाटली आणि लहान केला.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सातच्या सुमारास. भाकरीचं पीठ मळत होते. फोन वाजला, कोपराने स्पीकर लावला.

"सरोज, मी मोहितो मागवला."

"मग?" मला कळलंच नाही.

"इथे त्यात असते."

पाण्याचा नळ चालू होता. तो बंद करायचं सुचलं, एवढंच आठवतंय.

आज बॉसने वाटेतली दुसरीच टपरी धरली. सगळे एकदम ऑर्डर देत होते. टपरीवरच्या मुलीने याला विचारलं आणि याच्या तोंडून निघून गेलं — मोहितो, पुदिना जास्त. दर शुक्रवारी म्हणतो तसं. "एक घोट गेला पोटात. दुसरा तोंडात होता, तो रुमालात."

"आत्ता कुठे आहेस?"

"झाडामागे. ग्लास टेबलावर आहे. भरलेला." त्याचा श्वास ऐकू येत होता. "मला काही समजवू नकोस. नुसती बोलत राहा."

म्हणून बोलले. पीठ सैल झालं ते सांगितलं. अवनीला फिजिक्सचा पेपर अवघड गेला, पण ती सोपा गेला म्हणतेय. इस्मतने पुन्हा बांगडे दिले, फ्रीजला वास लागलाय. पाचवी ब मधल्या तल्हाने निबंधात लिहिलं की त्याची आई जगातली सर्वांत सुंदर स्त्री आहे आणि त्याखालोखाल त्याच्या वर्गशिक्षिका, म्हणजे मी. श्रीपाद हसला. हसण्यात रडू होतं. बोटांवरचं पीठ वाळून ताठ झालं, तरी बोलत होते.

मग तिकडून कुणाचा तरी आवाज, "यल्ला, श्रीपाद!"

"जातो," म्हणाला. "कपिले मागवतो."

अवनी दारात उभी होती, कधीपासून कोण जाणे. "बाबा ओके?"

"हो."

"आई, आय ॲम नॉट फाइव्ह एनिमोअर." आणि परातीतलं पीठ ओढून घेऊन मळायला लागली. तिला येत नाही. मळू दिलं.

१६ ऑक्टोबर

ज्याला एके काळी सगळ्या बाटल्यांची नावं पाठ होती, त्याला मोहितोत काय असतं ते माहीत नव्हतं? दिवसभर हेच. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी राहिले आणि पुन्हा हेच. एकच घोट? की एक ग्लास, आणि मला सांगायला एक घोट?

शेवटी अवनीलाच विचारलं, शक्य आहे का असं. ती म्हणाली, "मे महिन्यात पुण्यात मीपण मागवला होता. आत्याने धावत जाऊन वेटरला थांबवलं. माझ्यासाठी मोहितो म्हणजे ज्यूस आहे, आई. इथे सगळीकडे तेच तर आहे."

खरंच. इथे काही मागवताना आम्ही विचारत नाही, यात काय आहे. अकरा वर्षांत विचारायची सवयच मोडली. मी त्याला जिथे आणलं, तिथे तो सुरक्षित राहिला आणि बेसावध झाला. मी चालायचे रस्तेसुद्धा लिहून दिले. आणि हे एवढं नाही सुचलं.

पण त्याने फोन केला. कुणी पाहिलं नव्हतं, मला कधीच कळलं नसतं. तरी केला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आला. दार उघडलं. मी ठरवून लांब उभी राहिले, हात मागे बांधून. आज नाही घ्यायचा वास. आज विश्वास ठेवायचा.

त्याने बॅग खाली ठेवली. दोन पावलं पुढे आला, वाकला, आणि गाल माझ्या नाकाजवळ धरला.

"घे."

मी हात मागेच बांधून ठेवले.

"मला नेहमी कळायचं, सरोज. रोज. म्हणून तर जिना चढताना मी च्युइंगम थुंकून येतो. तुला शंका नको म्हणून."

विमानातल्या साबणाचा वास होता. घामाचा. त्याचा.

कपिलेच्या पाकाची बाटली आणलीय. अवनी पाण्यात घालून प्यायली. "इट्स लाइक ड्रिंकिंग अ गार्डन." मला आवडलं.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. रांगोळी दाराच्या आत, पणत्या बाल्कनीत आतल्या बाजूला. इस्मत करंज्या खायला आली, नसरुद्दीनभाई मागून, तोंडात बडीशेप. इस्मतने माझ्याकडे पाहिलं. मी इतकी हसले की श्रीपाद विचारत राहिला, काय झालं, काय झालं?

बाबांचा फोन होता. "तिकडे फटाके नसतील ना?" म्हणाले. "इकडे आहेत. पण मी एकटा काय उडवणार!" श्रीपाद फोन ठेवून बाल्कनीत गेला. पुण्याचा विषय त्याने काढला नाही. मीही नाही. बारावीचंही काही बोलले नाही मात्र.

२९ ऑक्टोबर

संध्याकाळी तो आला तेव्हा दूध उतू जात होतं. दार उघडून मी तशीच आत पळाले. वास घ्यायचा राहिला, हे जेवणं झाल्यावर भांडी आवरताना लक्षात आलं.

ओट्यापाशीच उभी राहिले, बाहेर गेले नाही. तिथूनच हाक मारली, "श्रीपाद, पुण्याला हो म्हणून कळव."