पितळी पट्टीवरचा नंबर

मंगळवार, संध्याकाळ. बनशंकरी

ट्रॅक्टरवरची ती पितळी पट्टी डोक्यातून जात नाही. आनेकल गावात फुलशेती करणाऱ्या, ओळखीच्या अक्कांचा जुना छोटा ट्रॅक्टर बंद पडलाय, आतला एक गिअर झिजलाय. चिकपेट बाजारातल्या सुट्या भागांच्या दुकानदाराने तो हातात फिरवला आणि म्हणाला, "सर, गाडीचा नंबर सांगा. यात चार प्रकार येतात."

कंपनीने घातलेला तो नंबर पट्टीवर होता. गेल्या दसऱ्यात आयुधपूजेला ट्रॅक्टर चकचकीत करायच्या हौसेने मीच तिच्यावर पॉलिशपेपर फिरवला. आकडे पार गेले. आणि म्हणे जन्मभर कारखान्यात इंजिनिअर! अक्कांना मात्र फोनवर सांगून मोकळा झालो, "पट्टी आधीपासूनच कोरी होती." का बोललो असं? लाज वाटली, दुसरं काय. तिकडे त्यांची शेवंतीची लावण खोळंबलीय.

आत्ता त्यांनी मोबाईलवर फोटो पाठवलाय, मी पट्टी घासली त्याच्या आदल्या वर्षीच्या आयुधपूजेचा. झेंडूच्या माळा, कुंकू आणि मधोमध तीच पट्टी. एकेक आकडा स्पष्ट. खाली एवढंच, "अण्णा, आता मिळेल ना?"

नंबर उतरवून घेतला. गिअर उद्या मिळेलही. खरं सांगून टाकायला दोनदा फोन उचलला, दोनदा ठेवला. त्यांनी चार शब्द सुनावले असते, तर निदान उत्तर तरी देता आलं असतं.