उपवासातले थेंब

बोरिवली
९ ऑक्टोबर २०२५

चि. शुभास ताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून पत्र. मोतीबिंदू काढून महिना झाला. आधी झकास दिसत होतं. आता डोळा लाल झालाय आणि साडीला फॉल लावायला बसले की सरळ टीप वाकडी दिसते. तीनदा उसवली. शेवटी सुनेने, श्वेताने, सांगितलं की टीप सरळच आहे. म्हटलं, लागली वाट! स्कॅनमध्ये डोळ्याच्या पडद्याला सूज निघाली. डॉक्टरनेच काहीतरी बिघडवलं असणार, दुसरं काय! पण मी हार मानणारी नाही हं.

तुझी,
विमलाताई

मुलुंड
१३ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस सा. न.

त्याच डॉक्टरांकडे माझ्या मोतीबिंदूची २८ तारीख होती ना, ती काल रद्द केली. निलेश चिडलाय. आईला बसचा नंबर दिसत नाही, परवा चहात साखरेऐवजी मीठ पडलं, असं सगळ्यांना सांगत सुटलाय. सांगू दे. तू कधी खोटं बोलली नाहीस, मग मी कशाला डोळा घालवू? दिसेल तेवढं पुरे. तू मात्र जप गं.

तुझीच,
शुभा

बोरिवली
१७ ऑक्टोबर २०२५

चि. शुभास आशीर्वाद, आणि आज कान पकडून माफी.

डॉक्टरांची काही चूक नाही गं, माझीच आहे. ऑपरेशननंतरचे ड्रॉप्स घातले की कडू चव घशात उतरायची. नवरात्रात वाटलं, औषध पोटात जातंय, उपवास मोडतोय. म्हणून दसऱ्यापर्यंत घातलेच नाहीत. सांगायची लाज वाटली, तर त्यांच्यावर ढकललं. तू तारीख रद्द केलीस हे वाचलं आणि राहवलं नाही. काल अंधेरीला दवाखान्यात जाऊन त्यांना खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. नवे ड्रॉप्स चालू आहेत, दोनेक महिन्यांत सूज उतरेल म्हणाले. उतरणारच, माझी खात्री आहे.

तुझी २८ तारीख पुन्हा घेऊन आलेय. नंतर महिनाभर मुलुंडला राहून तुझ्या डोळ्यात ड्रॉप्स मीच घालणार, एकादशी असो की संकष्टी.

लोभ असावा असं लिहायला आज तोंड नाही. महिनाभर माझ्याशी बोलू नकोस, चालेल. ड्रॉप्सच्या वेळी फक्त मान वर कर.

तुझी,
विमलाताई